गोव्याच्या दमट हवेत एक्झॉस्टला पट्टी गुंडाळण्याआधी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सुरू होताच आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वाहनांच्या निगेविषयी जो मजकूर आला, त्यात बॉनेटखालची उष्णता कमी करण्यासाठी एक्झॉस्टच्या नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी, असा सल्ला दोन ओळींत दिला होता. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे, आणि सांगायचा राहून गेलेला अर्धा भाग गोव्यात राहणाऱ्या माणसाच्या खिशाला भारी पडतो. मी तीस वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि निवृत्तीनंतर फोंड्याला घरी आल्यावर एका जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरवर हाच प्रयोग स्वतः करून पाहिला. त्याचे फळ दोन पावसाळ्यांनंतर पदरात पडले, म्हणून हे पत्र.

ज्यांनी ही गाडी बाळगली असेल त्यांना तिच्या १४८९ सीसीच्या इंजिनाची ठेवण आठवत असेल. मूळच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) घराण्यातल्या या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना जोडलेल्या नळ्यांचे संच, एकाच बाजूला आहेत, म्हणजे चुलीवर भांडे ठेवावे तसा पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला असतो. गाडी धावत असते तोवर पंख्याचा वारा आणि पेट्रोलचा वाहता ओघ कार्बोरेटरला थंड ठेवतात. इंजिन बंद केले की दोन्ही एकदम थांबतात, मात्र मॅनिफोल्डचे तापलेले बीड पुढची दहा-पंधरा मिनिटे आपली धग वर सोडतच राहते. पेट्रोल हे काही एकजिनसी द्रव्य नव्हे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारासुद्धा त्याच्या जवळपास पोहोचतो.

इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबायची सक्ती गोव्यात कुठे होते, तर फेरीबोटीवर. रायबंदरहून चोडणला जाताना भर दुपारी माझी गाडी फेरीत चढली ती व्यवस्थित, आणि पलीकडच्या धक्क्याला बोट टेकल्यावर सेल्फ मारला तर इंजिन नुसते फिरत राहिले, पेटेना. बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा नाकात गेला. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली ओघळत होते, तेही तापलेल्या मॅनिफोल्डच्या दिशेने. मागे दुचाक्यांची रांग, त्यामागे भाजीचा टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न. फेरीच्या खलाशाने व तीन मुलांनी गाडी ढकलत रॅम्पवर चढवली आणि एकाने आपला पंचा नदीत बुडवून कार्बोरेटरवर टाकला. हा उपाय आपल्या मेस्त्रींना दोन पिढ्या ठाऊक आहे. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.

त्याच सुमारास मी आणखी एक शहाणपण केले. मूळ बिडाचा मॅनिफोल्ड एका कोपऱ्यात तडकला होता, तेव्हा त्याच्या जागी बसवायला एका कारागिराकडून दीड मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी नळ्यांचा जोड, म्हणजे हेडर, बनवून घेतला. या इंजिनाला सिलिंडर चार असले तरी धूर बाहेर पडण्याची तोंडे तीनच आहेत, मधल्या दोन सिलिंडरांचे तोंड एक असते. त्यामुळे हेडरच्या नळ्याही तीन. काम सुबक झाले, गाडीचा आवाज भरदार झाला आणि बॉनेटखालची भट्टी पूर्वीपेक्षा भडकली. जाड बीड उष्णता सावकाश घेते व सावकाश देते. पातळ नळी मात्र घाट चढताना क्षणात तापते आणि तिची धग आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूला सरळ लागते.

इथे थोडे गणित सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तापलेल्या पृष्ठभागातून किरणांच्या रूपाने निघणारी उष्णता तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. सहाशे अंशांवरचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३३ किलोवॅट उष्णता फेकतो, तर तोच तीनशे अंशांवर असेल तर जेमतेम ६. हेडरचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या पाचव्या हिश्शाइतका धरला तरी घाटात पूर्ण भाराखाली न्हाणीघरातले दोन मोठे गीझर बॉनेटखाली चालू ठेवल्यासारखे होते. त्या धगीत रबरी होज, वायरींचे प्लास्टिक, बॅटरी आणि पेट्रोलची नळी राहतात. रबराच्या बाबतीत एक ढोबळ नियम आहे, की दर दहा अंशांनी तापमान वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. शिवाय इंजिन जी हवा ओढते ती दहा अंशांनी जास्त गरम असली तर तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे गाडीची ओढही तितकी कमी होते. तेव्हा ही उष्णता नळीतच कोंडून मागच्या सायलेन्सरवाटे बाहेर काढावी हा विचार मुळात बरोबरच आहे.

मीही तसेच केले. दोन इंच रुंदीची काचतंतूंची पट्टी मागवली, पुडक्यावरच्या सूचनेप्रमाणे ती पाण्यात भिजवून मऊ केली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंच चढवत तीनही नळ्या घट्ट गुंडाळल्या आणि जागोजागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळल्या. हातमोजे न घालण्याची चूक मी केली आणि काचेच्या बारीक कुसळांनी हातांची दोन दिवस आग होत होती. पहिल्या फेरीत बॉनेटमधून इतका धूर निघाला की शेजारी धावत आले, पण तो पट्टीतल्या चिकट द्रव्याचा धूर होता आणि अर्ध्या तासात थांबला. त्या मे महिन्यात गाडी चोडणच्या फेरीत तीनदा चढली आणि तीनही वेळा पहिल्या सेल्फला सुरू झाली. त्यावेळी मी आपणास पत्र लिहिले असते तर ते पट्टीच्या स्तुतीचेच झाले असते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, गणेशचतुर्थी उरकल्यावर, गाडीतून फटफट असा आवाज येऊ लागला आणि काचा वर असताना डोके जड होऊ लागले. एक्झॉस्ट कुठेतरी फुटला होता. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून मी काम लांबणीवर टाकले नाही. कात्रीने पट्टी कापून उलगडू लागलो तर तिच्या आतल्या अंगाला तांबूस-काळे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे चिकटून येऊ लागले. खालच्या वळणावर स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले तर ते आरपार गेले. तीन नळ्या जिथे एकत्र येतात तिथे वेल्डिंगच्या कडेने बोटभर चीर पडली होती आणि तिच्यातून सुटणाऱ्या झोताने शेजारचे इंजिन माउंटिंगचे रबर एका बाजूने कडक होऊन तडकले होते. कॅलिपर लावून पाहिला. चांगल्या जागी सव्वा मिलिमीटर पत्रा शिल्लक होता आणि वाईट जागी मोजायला काही उरले नव्हते.

असे का झाले, हे खरे तर मला आधीच कळायला हवे होते. उघडी नळी आपली बरीच उष्णता बाहेर टाकत असल्याने तिचा धातू आतल्या धुरापेक्षा खूपच थंड राहतो. पट्टी गुंडाळली की ती वाट बंद होते आणि धातूचे तापमान धुराच्या तापमानाकडे सरकू लागते. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भाराखाली सातशे-आठशे अंशांच्याही वर जातो, आणि साधे पोलाद साडेपाचशे अंशांच्या वर हवेतल्या प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावून पापुद्रे टाकू लागते. हे झाले गाडी चालताना. ती उभी असताना दुसरा शत्रू कामाला लागतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. रस्त्यावरचे उडणारे पाणी पट्टी शोषून घेते आणि किनाऱ्याकडच्या हवेतले मीठ त्या पाण्यासोबत आत जाऊन तिथेच साठते. रोज वापरात असलेली गाडी ती ओल निदान सुकवते. माझ्यासारख्याची आठवड्यातून एकदा निघणारी गाडी मात्र सहा दिवस ओल्या पोटिसात नळ्या बांधून उभी असते. रिफायनरीत आणि जहाजावर याला लॅगिंगखालचा, म्हणजे उष्णतारोधक वेष्टणाखालचा, गंज म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही, हेच त्याचे वाईट. स्टेनलेसही यातून पूर्ण सुटत नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेसला गरम अवस्थेत क्लोराइड मिळाले तर वेल्डिंगजवळ बारीक चिरा पडू शकतात.

कोणी म्हणेल, जहाजावर तर सगळे एक्झॉस्ट गुंडाळलेलेच असतात. असतात, आणि असायलाच हवेत. ज्यावर इंधनाचा फवारा उडू शकेल असा २२० अंशांहून अधिक तापणारा पृष्ठभाग झाकलेला असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण तिथल्या नळीची जाडी वेगळी आणि ती नळी इंजिनरूमच्या छपराखाली असते, पावसात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लॅगिंगवर पत्र्याचे आवरण चढवलेले असते, जेणेकरून त्यात तेल किंवा पाणी मुरू नये. तेल मुरलेले लॅगिंग दिसले की ते त्याच दिवशी फाडून नवे घालायचे, ही आम्हाला पहिल्याच नोकरीत मिळालेली शिकवण. मोटारीच्या हेडरवरची पट्टी उघडी असते आणि ॲम्बेसेडरच्या इंजिनावरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, पॅकिंग गळत नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा मालक मला अजून भेटायचा आहे. ते तेल पट्टीत वातीसारखे मुरते आणि एका चढावर पेट घेते. माझ्या पट्टीवरही हाताच्या पंजाएवढा काळा डाग निघाला. नशीब, की पेटला नाही.

जुन्या हार्डवेअरच्या दुकानांत बॉयलरसाठी ॲस्बेस्टॉसची दोरी मिळत असे आणि काही मंडळी स्वस्तात होते म्हणून अजूनही तिचे नाव काढतात. ती मुळीच वापरू नये. तिचा धुरळा फुप्फुसात जाऊन बसतो आणि त्याचा कर्करोग काही दशकांनी डोके वर काढतो. म्हणूनच जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवायला २०११ पासून पूर्ण बंदी आहे. ‘टायटॅनियम’ नावाने विकली जाणारी सोनेरी-तपकिरी पट्टी बहुधा बेसाल्टच्या तंतूंची असते, म्हणजे सह्याद्रीत आढळतो त्या जातीचा काळा दगड वितळवून ओढलेला धागा. तो काचतंतूंपेक्षा जास्त उष्णता सोसतो हे खरे, पण पाणी तोही धरतो, आणि त्यात टायटॅनियम धातू शोधायला जाऊ नये.

मग करावे काय? माझ्या मते गोव्यासारख्या ठिकाणी पट्टीपेक्षा कोटिंग आणि कोटिंगच्याही आधी शील्ड.

कोटिंगविषयी आधी एक घोटाळा दूर करायला हवा, कारण मी स्वतः त्यात सापडलो होतो. ‘सिरॅमिक कोटिंग’ अशी पाटी आज म्हापशापासून मडगावपर्यंत गाड्या धुऊन चमकावणाऱ्या दुकानांवर दिसते. ते कोटिंग गाडीच्या रंगावर चकाकी राहावी म्हणून फासायचे द्रव्य असते, एक्झॉस्टशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी फोनवर विचारले तेव्हा पलीकडचा मुलगा ‘होय, करून देतो’ म्हणाला, आणि हेडर हातात घेऊन गेलो तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तसेच उष्णता सोसणाऱ्या काळ्या किंवा रुपेरी स्प्रेचे. तो सिलिकॉनचा रंग आहे, सहाशे अंशांपर्यंत तगतो, गंजापासून काही महिने वाचवतो, पण उष्णता अडवण्याचे काम तो करीत नाही.

खरे कोटिंग म्हणजे ॲल्युमिनियम व सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा किंवा झिर्कोनियासारख्या, उष्णतेला मंद वाट देणाऱ्या पदार्थाचा पातळ थर. तो चांगला बसणे वा न बसणे हे द्रव्याच्या किमतीपेक्षा आधीच्या तयारीवर अवलंबून असते. नळीवरचे तेल आधी तापवून पुरते जाळायचे, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांनी ब्लास्टिंग करून पृष्ठभाग खरखरीत व राखाडी करायचा, त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचेही नाही, कारण बोटाच्या तेलकटपणाने थर तिथेच सुटतो. मग फवारणी, मग ओव्हनमध्ये भाजणे. शक्य असेल तर नळीच्या आतूनही थर द्यावा, कारण आतला थर धुराची उष्णता धातूत शिरण्याआधीच अडवतो, आणि पट्टी जे काम धातूला भाजून करते ते काम कोटिंग धातूला वाचवून करते. वेल्डिंगची सगळी कामे व बोल्टांची बसवणी आधी तपासून घ्यावी, कारण कोटिंगनंतर वेल्डिंग केले तर केलेला खर्च तिथेच जळतो. कोटिंग पट्टीइतकी धग अडवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ते पाणी धरत नाही, तेल धरत नाही, आणि खाली गंज धरला तर डोळ्यांना दिसतो.

शील्ड म्हणजे एक्झॉस्ट आणि वाचवायची वस्तू यांच्यामध्ये हवेची फट ठेवून बसवलेला पत्रा. दिसायला अगदी सामान्य, आणि म्हणूनच त्याची कोणी पर्वा करीत नाही. चकचकीत ॲल्युमिनियम त्याच्यावर पडणाऱ्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास परत फेकते, आणि मागची बोटभर फट उरलेली उष्णता वाऱ्याबरोबर घालवते. मी कार्बोरेटरच्या बुडाशी जाड इन्सुलेटर पॅकिंग घातले, त्याखाली ताटाएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून बसवला आणि नवा हेडर कोटिंग करून लावला. पेट्रोलची नळीही बदलून एक्झॉस्टपासून वीतभर दूर फिरवली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुन्या रबराची नळी तशीही बदलायची होतीच. तीन पावसाळे झाले. फेरीवर गाडी अजून अडली नाही, एवढेच सांगतो.

आता कारखान्यातून येणाऱ्या शील्डविषयी, कारण या पत्राचा मुख्य रोख तिकडेच आहे. जवळजवळ प्रत्येक गाडीला मॅनिफोल्डवर, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर आणि सायलेन्सरच्या नळीवर असे पत्रे मुळातच बसवलेले असतात. आपल्या हवेत त्यांचे बारीक बोल्ट पाच-सहा वर्षांत गंजतात, पत्रा खडखडू लागतो, गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करते आणि गॅरेजमध्ये पाच मिनिटांत तो उपटून कोपऱ्यात फेकला जातो. माझ्या भाच्याच्या गाडीचे तेच झाले. एका गॅरेजने आवाज मोफत बंद करून दिला म्हणून तो खूश होता, आणि वर्षभरात शेजारची ऑक्सिजन सेन्सरची वायर वितळून इंजिनचा दिवा पेटला. बोल्ट तुटला असेल तर मोठा वॉशर घालून किंवा स्टेनलेसच्या क्लिपने तोच पत्रा पुन्हा बसवता येतो. गिऱ्हाइकाने तेवढे सांगायला हवे, आणि गाडी परत घेताना खाली वाकून पाहायला हवे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धूर-प्रदूषणाच्या सहाव्या टप्प्याच्या निकषांच्या) गाडीच्या मालकाने तर पट्टीचा विचारच करू नये. त्या गाड्यांत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून असतो आणि काही इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच असतो, त्यामुळे गुंडाळण्याजोगी नळी उरतच नाही. आणि कन्व्हर्टरलाच गुंडाळले तर तो आतून भाजून निकामी होतो, शिवाय वॉरंटी जाते ती वेगळी. अशा गाडीत धग वाढली असेल तर पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटरपुढचा कचरा काढला आहे का, खालचे प्लास्टिकचे आवरण जागेवर आहे का, हे आधी पाहावे.

एवढे सगळे सांगूनही ज्याला पट्टीच हवी, शर्यतीच्या किंवा हौसेच्या गाडीसाठी ती लागतेही, त्याने ती साध्या पोलादावर न लावता कोटिंग केलेल्या स्टेनलेसवर लावावी, इंजिनाची तेलगळती आधी बंद करावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सोडून ठेवून ऑक्टोबरात पुन्हा गुंडाळावी. दीड तासाचे काम आहे.

माझा गंजलेला हेडर पट्टीच्या तुकड्यांसकट घराच्या पडवीत खिळ्याला टांगून ठेवला आहे. आपल्या पुरवणीसाठी त्याचे छायाचित्र हवे असल्यास आपल्या प्रतिनिधीने अवश्य यावे. फक्त हात लावताना मोजे घालावेत, काच अजून झडते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाज अभियंता,
फोंडा, गोवा